सगळे रडले, मला रडू का आलं नाही?

‘बाबा गेले तेव्हा सगळे रडले. मला रडूच आलं नाही, मॅडम. माझ्यात काही बिघडलंय का?’

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न बरेचदा येतो. विचारणारं माणूस बहुतेक वेळा तेच असतं, ज्याने दवाखान्याचं बिल भरलं, अंबाझरी घाटावर सगळी व्यवस्था पाहिली, तेराव्याला किती पानं होतील ते केटररला सांगितलं आणि मग घरी येऊन स्वतःच्या कोरड्या डोळ्यांकडे संशयाने बघितलं. नातेवाईकांपैकी कोणीतरी ‘घट्ट मनाची आहे हो’ असं म्हणून गेलेलं असतं. ते कौतुक होतं की टोमणा, हे तिला कळत नाही. मलाही सांगता येत नाही.

उत्तर तसं छोटं आहे: काही बिघडलेलं नाही. पण तेवढ्याने कोणाचं समाधान होत नाही, म्हणून एका घरातला अनुभव सांगते. घरातल्या तिघांनीही लिहायला होकार दिला आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

वडील नौदलातले निवृत्त कमांडर, इंजिनीअरिंग शाखेचे. मूळचे महालातले. कोणत्याही दिशेने निघालं तरी समुद्र लागायला रात्र घालवावी लागते अशा या गावातून एक मुलगा १९७० च्या आसपास लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात इंजिनं शिकायला गेला आणि पुढची तीस वर्षं बोटी, गोद्या आणि रिफिट म्हणजे बोटींची मोठी दुरुस्ती यांतच राहिला. २००१ मध्ये निवृत्त होऊन परतला, प्रतापनगरला घर बांधलं आणि तिथेच वयाच्या शहात्तराव्या वर्षी गेला. मागे पत्नी आणि दोन मुलं. थोरली पंचेचाळिशीची, इथेच कॉलेजात शिकवते. धाकटा तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, बंगळुरूला असतो.

थोरली माझ्याकडे आली तेव्हा वर्षश्राद्ध दीड-दोन महिन्यांवर आलं होतं. धाकट्याच्या मनात होतं की त्यानंतर एक छोटा कार्यक्रम करावा, बाबांचे नौदलातले सोबती, शेजारी, नातेवाईक बोलवावेत. ताई वर्गात तास तास बोलते, तेव्हा भाषण तिचंच, हे कोणी न ठरवताच ठरलं. तिने लॅपटॉप उघडला, ‘कर्तव्यदक्ष अधिकारी आणि कुटुंबवत्सल पिता’ एवढं टाईप केलं आणि तिथेच अडकली. ‘पुढे हातच चालत नाही. धाकटा फोनवर रडतो, आई फोटोपाशी बसते, आणि मी विचार करते की केटरर कोणता सांगायचा.’

अशा वेळी मी आधी साध्या गोष्टी विचारून घेते. झोप, भूक, काम, दारू-गोळ्या, जगणं नकोसं वाटतं का. तिचं हे सगळं ठीक होतं. चिडचीड मात्र वाढली होती, तीही विशेषतः भावाशी बोलल्यावर.

तिने कुठेतरी दुःखाच्या पाच पायऱ्यांबद्दल वाचलं होतं आणि आपण पहिल्याच पायरीवर अडकलो आहोत असा तिचा समज होता. हा समज फार लोकांना छळतो. १९६९ मध्ये एका स्विस-अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या पाच अवस्था मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतं. पुढे ते सगळ्यांनाच लागू करण्यात आलं आणि लोक स्वतःला मार्क द्यायला लागले. नकार झाला, राग झाला, आता रडायचं कधी?

मग मी तिला म्हटलं, बाबा कसे होते ते सांगू नका, एखादा प्रसंग सांगा. त्यात दार, खिडकी, कपडे, असं काहीतरी दिसलं पाहिजे.

ती बराच वेळ कूलरकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘दाढी.’

ती सहा वर्षांची असतानाची गोष्ट. आई तेव्हा तिला घेऊन महालातल्या वाड्यात सासू-सासऱ्यांजवळ राहायची. बाबा कित्येक महिन्यांनी यायचे होते, कधी ते नक्की नव्हतं. मुंबईहून रात्रभराच्या गाडीने निघून ते सकाळी दारात उभे राहिले. दार हिने उघडलं. समोर भरघोस दाढीचा उंच माणूस, हातात काळी ट्रंक. नौदलात दाढी ठेवता येते आणि त्या फेरीत त्यांनी ती ठेवली होती. हिने आत वळून हाक मारली, ‘आई, कोणीतरी काका आलेत!’

वाडा हसला. आजी हसली, आत्या हसल्या, बाबाही हसले. पुढची चाळीस वर्षं हा किस्सा प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला गेला. हिच्या लग्नात तर मांडवात माईकवरून.

‘आणि तुम्ही?’

‘मी पण हसते. दर वेळी.’ मग थोड्या वेळाने, ‘मला आवडत नाही तो किस्सा.’

या एका प्रसंगात मला त्या घराची अडचण बरीचशी दिसली. धाकटा बारा वर्षांचा असताना बाबा निवृत्त झाले. त्याला जे वडील मिळाले ते चेतक स्कूटरवर क्लासला सोडणारे, पावसात रेनकोट घेऊन बाहेर थांबणारे, सकाळी अंबाझरीला फिरायला नेणारे, एप्रिल लागला की कूलरची टाकी घासून नवी खस लावणारे. थोरली तेव्हा एम.एस्सी. संपवत होती, पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तिचे वडील म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर लिहायची पत्रं, वर्षातून काही आठवडे येणारा पाहुणा, आणि तो आला की आईचा बदललेला आवाज. तिच्या दहावीला ते समुद्रावर होते. भाऊ झाला तेव्हाही. कुटुंबवत्सल हा शब्द भावाच्या वडिलांना चपखल बसतो. तिला तो लिहायचा तर स्वतःचे वडील पुसून भावाचे वडील लिहावे लागणार होते.

माझं स्पष्ट मत आहे: एका घरात दोन भावंडं असली की वडील दोन असतात. सैन्यातल्या, नौदलातल्या, आखातात गेलेल्या, फिरतीच्या नोकरीतल्या माणसांच्या घरी तर हे फारच. माणूस गेल्यावर सगळ्यांनी मिळून एकच माणूस आठवायचा असा आग्रह सुरू होतो. श्रद्धांजलीच्या जाहिरातीपासून त्याची सुरुवात होते. ज्याच्या आठवणी त्या मजकुराशी जुळत नाहीत तो गप्प बसतो, कामाला लागतो, केटरर शोधतो. त्याचं रडू आत कुठे कोंडलेलं असतंच असंही नाही. कित्येकदा त्या जागी राग असतो, आणि गेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडे सोय नाही.

तिला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही, आणि तिला सगळं पटलं असंही नाही. ‘पण ते देशासाठी होते ना तिकडे,’ ती म्हणाली. होतेच. सहा वर्षांच्या मुलीला तक्रार करण्यापासून अडवायला हे वाक्य नेहमी पुरेसं ठरतं.

मग आईंना भेटले. त्यांच्याबद्दल मुलांची वेगळीच काळजी होती. आई फारशी रडली नाही, नीट जेवते, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला फाटक वाजलं म्हणून उठून बघते. वेड तर लागत नाही ना?

काकू माझ्याकडे आल्या त्या पाटोडीचा डबा घेऊन. म्हणाल्या, ‘मुलं उगाच घाबरून राहिली. हे सेलिंगला गेले की असंच असायचं बाप्पा. पत्र येईस्तोवर कुठे असतील, कसे असतील, काही पत्ता नाही. जेवायचं, पोरीचा अभ्यास घ्यायचा, झोपायचं. मला सवय आहे.’

‘आणि फाटक?’

‘वाजत नाही हे कळतं मला. पण उठून पाहिलं तर काय बिघडलं?’

काहीच बिघडलं नाही. वेल्समधल्या एका डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ मध्ये लिहिलं होतं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचा भास होतो. कोणाला तो दिसतो, कोणाला ऐकू येतो, कोणाला नुसता जवळ असल्यासारखा वाटतो. त्यांतल्या बहुतेकांनी हे कोणाजवळ बोललंच नव्हतं. काकूंची नोकरीच जणू तीस वर्षं वाट बघण्याची होती. ती एका वर्षात कशी सुटेल? मुलांना मी एवढंच सांगितलं की आई उठली तर ‘काय झालं?’ असं घाबरून विचारू नका, हवं तर सोबत जाऊन बघा.

बोलता बोलता काकूंनी कार्यक्रमाच्या तारखेची तक्रार केली. धाकट्याला ४ डिसेंबर हवी होती, नौदल दिन म्हणून. १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याची आठवण म्हणून तो पाळतात. काकूंना ती नको होती. ‘४ तारखेला हे पार्टीला जायचे, हसायचे, सगळं. मग ९ यायची.’ ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. यांची बोट वेगळी होती, पण त्या बोटीवर ओळखीची माणसं होती. दर ९ डिसेंबरला ते रात्री जेवत नसत आणि कोणाशी बोलत नसत. मुलांना हा दिवस ‘बाबांचा मूड ऑफ’ म्हणून माहीत होता, कारण कधीच नाही. काकूंनाही त्यांनी एकदाच सांगितलं होतं. ज्या घरचा कर्ता माणूस आपलं दुःख वर्षातून एका रात्री, तोंड मिटून साजरं करतो, त्या घरातली मुलं दुसरं काय शिकणार?

आणि मग, निघता निघता, डबा पिशवीत घालत त्या म्हणाल्या, ‘बोलले नाहीत कधी. पोरीने काका म्हटलं त्या दिवशी सगळ्यांसमोर हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिले दाढी काढली. पुन्हा कधी ठेवली नाही.’

हे तुम्हीच लेकीला सांगा, असं मी त्यांना म्हटलं. असल्या गोष्टी समुपदेशकाने मध्यस्थासारख्या पोचवू नयेत.

धाकटा आला तेव्हा तिघं एकत्र बसले. मी एकच अट घातली होती. प्रत्येकाने एक प्रसंग सांगायचा, विशेषण एकही वापरायचं नाही. थोर नाही, प्रेमळ नाही, शिस्तप्रिय नाही. बाबांच्या हातात त्या वेळी काय होतं ते मात्र सांगायचं. ही युक्ती कोणत्याही घरात चालते, समुपदेशकाशिवायही.

धाकट्याने वही सांगितली. बाबा घरी एक रजिस्टर ठेवायचे, बोटीवरच्या लॉगसारखं. टाकी भरली ०६१०. सिलिंडर लावला. कूलरच्या पंपाला तेल. आणि खाली, चिरंजीव आगमन २२४०. ‘दहाच्या आत यायचं असायचं. एकही शब्द बोलायचे नाहीत. सकाळी मला वही दाखवायचे फक्त. ताई, तुला बाबा कमी मिळाले असतील. मला इतके मिळाले की श्वास घ्यायला जागा नव्हती.’

थोरली हसली. त्या किस्स्याला हसत आली होती तसं नव्हे, खरंच हसली.

मग काकूंनी दाढीचं सांगितलं. मला वाटलं होतं आता ती रडेल. ती रागावली. ‘म्हणजे त्यांना लागलं होतं! मग मला जवळ घेऊन एक वाक्य बोलता येत नव्हतं? आणि तो किस्सा माझ्या लग्नात का सांगू दिला?’ धाकटा तिला शांत करायला गेला, मी हातानेच थांबवलं. काकू म्हणाल्या, ‘मलाही येत होता त्यांचा राग. इनलँड पत्रात किती लिहिणार?’ त्यानंतर मायलेकी बराच वेळ १९८४ सालातच होत्या. धाकटा आणि मी नुसते ऐकत बसलो.

आता ज्यांना हा प्रश्न आपल्या घरातला वाटतो आहे त्यांच्यासाठी थोडं. रडू न येणं हा आजार नाही. एखादं गाणं ऐकून चार वर्षांनी येईल, किंवा येणारही नाही. मदत घ्यायची ती वेगळ्या खुणांवर. सहा महिने, वर्ष उलटलं तरी मन दिवसचे दिवस त्या माणसाच्या ओढीतच अडकलेलं असेल, काम, स्वयंपाक, मुलं, काहीच हाताळता येत नसेल, तर त्याला आता वैद्यकीय नाव आहे. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत दीर्घकाळ लांबलेल्या दुःखाचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश आहे. तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे आणि त्या समाजाच्या रीतीभातीही लक्षात घ्यायला सांगितलं आहे. त्यावर उपचार होतात. जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र महिने मोजत बसू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि कार्यक्रमाची घाई करू नका. घरातल्या एकाला बोलायचं नसेल तर दुसऱ्याने बोलावं.

या घरी तेच झालं. तारीख नोव्हेंबरातली ठरली. भाषण धाकट्याने केलं, कुटुंबवत्सल हा शब्द त्यात दोनदा आला आणि थोरलीने हरकत घेतली नाही. तिने फक्त पुढच्या टेबलावर ते रजिस्टर उघडं ठेवलं. कोणी पाव्हण्याने दाढीचा किस्सा काढलाच, तेव्हा ती म्हणाली, ‘पुढचं तुम्हाला ठाऊक नाही,’ आणि पुढचं सांगितलं. ती रडली की नाही ते मी विचारलेलं नाही. जानेवारीत ती परत आली ती मुलाच्या नीट परीक्षेच्या क्लासबद्दल बोलायला. नवरा-बायकोचं त्यावर एकमत नव्हतं.