एकच पान चार जणांना शोधायला लावू नका

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. पणजोबांची नोंद शोधायची आहे, चार जणांना वेगवेगळे निरोप पाठवून झाले, दोन महिने कुणाचं धड उत्तर नाही, आणि आता विचारताय की ‘आणखी कुणाला विचारू?’ ताई, आणखी कुणालाच विचारू नका. आधी त्या चौघांना एकमेकांबद्दल कळवा. मी नेमकं हेच केलं होतं, आणि त्याची भरपाई आजतागायत झालेली नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला या गोष्टी तुम्ही पाहिल्याच असतील, त्यात शिरत नाही. माझं काम कोतवाल बुकातलं होतं, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंदवही. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरच्या एका जुन्या वहीत आजोबांच्या जन्माबद्दल एवढंच लिहिलेलं होतं: ‘शके 1832, श्रावण’. पणजोबांचं नाव माहीत होतं, त्यांच्या वडिलांचं नव्हतं. ते फक्त आमच्या थोरल्या आत्याला ठाऊक होतं, पण नोंद हाताशी आल्याशिवाय तिला विचारायचं काय, हेच तेव्हा मला सुचलं नाही.

मी शके 1832 मध्ये 78 मिळवून 1910 काढलं आणि तालुक्याला नकलेचा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं की जुन्या दप्तरात साल फसली असतं, म्हणजे मृगाला सुरू होणारं महसुली वर्ष. म्हणून कराडकडच्या एका निवृत्त गुरुजींना लिहिलं, ‘फसली 1320 ची जन्मनोंद बघाल का?’ हे गुरुजी मोडी वाचतात आणि लोकांसाठी पदरमोड करून अभिलेख कक्षात जातात. पुण्याच्या एका मोडी वाचक बाईंना घरच्या वहीतलं शकाचं साल जसंच्या तसं कळवलं. फसलीत 590 मिळवले की 1910 च येतं. श्रावण म्हणजे मृग उलटून गेलेला, तेव्हा फसली 1320 लागलेलंच होतं. तिन्ही सालं एकच. मला ते माहीत होतं आणि तरी मी तिघांनाही सांगितलं नाही. माझा समज असा की तीन ठिकाणी सांगितलं तर एकीकडून तरी लवकर येईल.

गुरुजींनी त्यांच्या नावाने अर्ज दिला. त्यांना वाटलं, मी दुसरीकडे कुठे विचारलेलं नसणार, कारण मी तसं म्हटलंच नव्हतं. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर पोचले. दहा आठवड्यांनी मला पत्र आलं: याच विषयाचा दुसरा अर्ज प्राप्त असल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. गुरुजींना त्याच तारखेचं पत्र: संबंधित कुटुंबाने स्वतंत्र अर्ज केलेला असल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल. दोन्ही पत्रांवर सही एकाच माणसाची. पान कुणीच उघडलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस त्या नोंदीसाठी तीन वेळा एसटीने गेला आणि तिसऱ्यांदा त्यांना ऐकावं लागलं की ‘तुमच्याच लोकांनी गोंधळ केलाय’.

त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. पण सांगते, मला आजही राग येतो. दोन अर्ज एकाच पानाचे आहेत हे ज्याला कळलं, त्याला दोघांपैकी एकाला पान दाखवता आलं असतं. एकमेकांकडे बोट दाखवून दोन्ही बंद करण्यात कुणाचं काम वाचलं? मी तिसरा अर्ज केला तर म्हणाले, त्या सालचे गठ्ठे स्कॅनिंगला गेलेत, परत आले की बघू. पहिल्या अर्जापासून नक्कल हातात यायला अकरा महिने लागले.

आणि नक्कल आली तेव्हा त्या श्रावणाच्या आसपास आमच्या पणजोबांच्या नावाच्या माणसाकडे तीन जन्म नोंदलेले निघाले. कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. आमच्या पानावर तीन बाप एकाच नावाचे होते, ‘बिन’च्या (म्हणजे ‘चा मुलगा’) पुढचं त्या बापाच्या वडिलांचं नाव तेवढं वेगळं. त्यातला आमचा कोणता हे सांगणारी आत्या त्या अकरा महिन्यांत, आठव्या महिन्यात गेली. आज माझ्याकडे पान आहे आणि त्यावर तीन घरं आहेत.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती शोधाबद्दल नाहीच. घरात ऐंशीच्या पुढचं जे कुणी असेल त्यांच्याकडे उद्याच जा. ‘पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, कोणत्या आळीत राहायचे, भाऊ किती’ हे आत्ता विचारा, कागद मिळाल्यावर नव्हे.

आता चौघांबद्दल. माझ्या मते (नियम म्हणून नाही, अनुभवाने) एका कागदासाठी एका वेळी एकच माणूस. दुसऱ्याला विचारायचंच असेल तर पहिल्या ओळीत लिहा की अमक्या तारखेला अमक्यांना हेच विचारलं आहे. त्यात अपमान कुणाचाच होत नाही. अशी माणसं एकमेकांना ओळखतात, आणि ‘तो बघतोय ना, मग मी दुसरं काही बघतो’ म्हणून काम वाटून घेतात. लपवलंत तर मात्र पुढच्या वेळी कुणी उत्तर देणार नाही. माझ्या त्या पुण्याच्या बाईंनी दोन रविवार घालवून अंदाजाने त्याच वर्षाच्या आसपासच्या नोंदी चाळल्या होत्या. नंतर त्यांना कळलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या पुढच्या दोन निरोपांना उत्तरही दिलं नाही. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नाव आणि साल लिहिताना तर फार जपा, कारण विनंत्या दुहेरी होण्याचं खरं कारण इथेच असतं. एकच माणूस एका कागदात ‘राघो बिन सटवा’, दुसऱ्यात ‘राघोजी वलद सटवाजी’ (वलद म्हणजेही ‘चा मुलगा’), तिसऱ्यात आडनाव नुसतं ‘पाटील’, आणि बायकोच्या नावापुढे ‘कोम’ (म्हणजे ‘ची बायको’) लावून पुन्हा तोच. वाचणाऱ्याला ही चार माणसं वाटतात. तेव्हा नावाची सगळी रूपं एकाच निरोपात द्या, आणि सालही तिन्ही पद्धतींनी: इसवी, शके, फसली. शकात 78 मिळवा, फसलीत 590. पेशवाईतलं सुहूर सन असेल तर साधारण 599; तिन्हींत महिन्यावर एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

‘सापडलं नाही’ हेसुद्धा उत्तर आहे, ते लिहून ठेवा. कोणत्या गावाचं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणी बघितलं. हे नसलं की पुढचा माणूस तीच पानं परत उलटतो. माझी आता एक साधी दोनशे पानी वही आहे, डाव्या पानावर विचारलेलं, उजव्या पानावर आलेलं. संगणकावर ठेवायचं तर ठेवा, पण एकाच ठिकाणी ठेवा आणि भावंडांना दाखवा. आमच्या मिरजेच्या चुलतभावाने त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडून वंशावळ आधीच उतरवून आणली होती, हे मला दोन वर्षांनी एका लग्नात कळलं! त्याच वह्यांसाठी मी उपाध्यांकडे दोनदा खेपा घातल्या होत्या.

थोडं अवांतर, पण कामाचं. मोडी कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, अक्षरं फुटतात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तुम्हाला हवी ती ओळ कापून पाठवण्याऐवजी अख्खं पान पाठवा. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्या लेखकाचं वळण कळायला बाकीच्या ओळी लागतात. आणि मानधन विचारा. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांकडे केवढी रीघ लागली आहे ते आपण बघतोच. जो माणूस घेत नाही तो नको म्हणेल, पण फुकट गृहीत धरू नये असं माझं ठाम मत आहे.

सरकारी अर्जाचं बोलायचं तर मी वकील नाही, तुमच्या तालुक्यात रीत वेगळी असू शकते. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: अर्ज एकाच नावाने, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, आणि उशीर झाला तर नवा अर्ज न करता जुन्याच क्रमांकाचं स्मरणपत्र. माहिती अधिकारात गेलात तर 30 दिवसांनंतर पहिलं अपील करा, तोच अर्ज पुन्हा टाकू नका. आपल्या राज्यात त्या अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा चार गावं एका अर्जात कोंबू नका. आणि अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा, बऱ्याच जुन्या नोंदी स्कॅन करून टाकल्या आहेत. तिथे सापडलं तर कुणाला त्रास द्यायलाच नको.

तर आज एवढंच करा. त्या चौघांना एकच मजकूर पाठवा, चौघांचीही नावं त्यात असू द्या, आणि शेवटी विचारा की आतापर्यंत कोणी काय बघून झालं आहे. ज्याने सुरुवात केली असेल त्याच्याकडेच काम राहू द्या, बाकीच्यांना आभार मानून मोकळं करा. कुणीच सुरू केलं नसेल तर गाव, तालुका आणि नावाची सगळी रूपं मला कळवा. गाव साताऱ्याकडचं असेल तर पुढच्या महिन्यात मी तिकडे जाणार आहे, गुरुजींना आधी विचारून मग बघते. अजूनही ते अभिलेख कक्षात जातात.