ते आठ जण फोन का उचलत नाहीत ते आधी बघ

प्रिय डॉक्टर,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "मॅडम, दोन वर्षं वाया गेली, काहीच फरक आला नाही". मग तुझ्या थिसिसची तू पाठवलेली एक्सेल शीट उघडून बसले. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडलेल्या पेशंटना डिस्चार्जनंतर दर आठवड्याला फोन करायचा, वजन किती, पाय सुजलेत का, गोळ्या चालू आहेत का, लोणचं पापड बंद केलंय का हे विचारायचं आणि त्याने परत ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी होतं का ते बघायचं, प्रश्न चांगलाच होता गं. उत्तर "फरक दिसला नाही" असं आलं. तेही उत्तरच आहे.

पण शेवटच्या शीटमध्ये तू बायका वेगळ्या काढल्यास, मग साठच्या खालचे, मग शुगर असलेले, आणि कुठेतरी पी व्हॅल्यू ०.०४ आल्यावर (०.०५ च्या खाली गेली की फरक योगायोगाचा नाही असं धरतात ना) त्याला पिवळा रंग दिलास. ते बघून मला वाईट वाटलं, कारण तू असं करणारी नाहीस. १९८८ मध्ये आयसिस-२ ट्रायल छापून आली, हार्ट अटॅकचे १७,१८७ पेशंट, ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आले. जर्नलवाले म्हणाले सबग्रुप, म्हणजे पेशंटचे छोटे गट पाडून निकाल दाखवा, तर त्यांनी पेशंटची जन्मरास पण टाकली त्यात! मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदा दिसेना. डेटा बारीक बारीक कापत गेलं की निव्वळ योगायोगाने असंच होतं, आणि तिथे तर सतरा हजार लोक होते, तुझ्याकडे ११२.

आता मला खरं सांगायचंय ते. ऐंशीच्या दशकात सगळ्यांना पटलेलं होतं की अटॅकनंतर ईसीजीत व्हीपीसी, म्हणजे हृदयाचे मधेच पडणारे जादा ठोके फार दिसत असतील तर तो पेशंट अचानक जायचा धोका जास्त, म्हणजे औषध देऊन व्हीपीसी दाबल्या की तो वाचणार. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? अमेरिकेत कास्ट नावाची ट्रायल झाली, त्यात तर औषधाने ज्यांच्या व्हीपीसी खरंच कमी झाल्या तेवढेच पेशंट घेतले आणि मग निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांचा भाग १९८९ मध्ये मधेच थांबवावा लागला. औषधवाल्या ७५५ पैकी ६३ गेले, प्लासिबोच्या ७४३ पैकी २६. ईसीजी स्वच्छ आणि माणूस गेलेला.

आणि याची चाहूल आधीच लागली होती. १९८० मध्ये नॉटिंगहॅमला त्याच जातीच्या लॉर्केनाइडची एक छोटी ट्रायल झाली होती, शंभराच्या आतच पेशंट, औषधवाल्यांतले ९ गेले, प्लासिबोवाल्यांतला १. करणाऱ्यांना वाटलं योगायोग असेल, पुढे ते औषध बाजारात आणायचंच धंद्याच्या कारणाने राहिलं, पेपर पडून राहिला तो १९९३ ला छापला. छापताना त्यांनी स्वतःच लिहिलं की वेळेवर आला असता तर कदाचित इशारा मिळाला असता. छोटी ट्रायल, तुझ्यापेक्षाही छोटी. ९ आणि १ हे आकडे माझ्या डोक्यातून कधी जात नाहीत.

माझी थिसिससुद्धा "फरक नाही" अशीच आली होती. गाईड म्हणाले राहू दे आणि मीही राहू दिली, डिग्री मिळाली होती. बारा वर्षांनी एका कॉन्फरन्सला एका मुलाने अगदी तोच अभ्यास पहिल्यापासून करून मांडला. त्याच्याही पेशंटना विनाकारण जास्तीच्या सुया टोचल्या होत्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल नोंदवायच्या सरकारी रजिस्टरवर नोंद करताना जो मुख्य प्रश्न लिहिलास त्याचंच उत्तर वर टाक, सबग्रुप खाली ठेव आणि हे नंतर सुचलेलं आहे असं स्पष्ट लिही. नावाजलेल्या जर्नलची वाट बघू नकोस, जे घेतील तिथे पाठव, इंग्रजी मी तपासून देते.

आणि एक राहिलंच. फोनवाल्या ग्रुपमधले आठ जण "लॉस्ट टू फॉलोअप", म्हणजे पुढे संपर्कच झाला नाही असं लिहून तू सोडून दिलेत, दुसऱ्या ग्रुपमध्ये फक्त दोन. अगं फोन न उचलणारा माणूस गाव बदलून गेलेला असेल, नंबर बदलला असेल, नाहीतर वारला असेल, आणि हार्ट फेल्युअरमध्ये ही तिसरी शक्यता लहान नाही. त्या आठांतले पाच जरी गेले असतील तर तुझा सगळा रिझल्ट बदलतो. केसपेपरवर नातेवाईकाचा दुसरा नंबर असतो तो लाव, नाही लागला तर त्या गावच्या आशाताईंना विचार, त्यांना घरोघरचं माहीत असतं. कोणी गेलं असेल तर घरच्यांशी नीट बोल, लगेच तारीख विचारू नकोस. सोमवारपर्यंत जमेल तेवढ्यांचं कळव, मग दोघी मिळून टेबल परत करू.

तुझी,
मॅडम