‘मुद्राचित्र’ म्हणावं की नुसतं ‘प्रिंट’?

प्रश्न असा आहे: ॲलेक्स कॅट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘पोर्ट्रेट प्रिंट’बद्दल, म्हणजे छापून घडवलेल्या व्यक्तिचित्राबद्दल, मराठीत लिहिताना ‘प्रतिकृती’ म्हणावं, ‘मुद्राचित्र’ म्हणावं की ‘प्रिंट’च ठेवावं? आणि या कामाला ‘किमानवादी’ म्हटलेलं चालेल का?

‘प्रतिकृती’ सरळ बाद. रविवर्मा छापखान्यातून निघालेल्या तसबिरी या तैलचित्रांच्या प्रतिकृती होत्या. कॅट्झही पुष्कळदा आपल्याच तैलचित्रातला चेहरा घेतात, म्हणून घोटाळा होतो. पण प्रिंटसाठी तो चेहरा नव्याने बांधावा लागतो: किती रंग, कुठला रंग कुठे थांबणार, नाकाची कड रेषेने दाखवायची की दोन रंग नुसते भिडवून. छापलेला कागद हीच इथे मूळ कलाकृती.

‘मुद्राचित्र’ हा कलाक्षेत्रात रुळलेला शब्द आहे, एरवी बिनधास्त वापरावा. अडचण येते ती चेहऱ्यापाशी. ‘मुद्रा’ म्हटलं की आपल्याला गंभीर मुद्रा, त्रासिक मुद्रा आठवते. कॅट्झ यांनी पत्नी एडाला असंख्य वेळा रंगवलं आहे. ‘एडाचं मुद्राचित्र’ असं लिहिलंत तर वाचणारा तिच्या चेहऱ्यावर भाव शोधू लागेल, आणि कॅट्झ नेमका तोच हातचा राखून ठेवतात.

माझं मत: चेहरा असेल तेव्हा प्रक्रियेचं नाव द्या. स्क्रीनप्रिंट, वुडकट (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावरून छपाई), ॲक्वाटिंट, लिथो (दगडावरून छपाई) हे शब्द चित्रकार रोज बोलतात. शिवाय ‘सपाट रंग’ प्रत्येक प्रक्रियेत वेगळा दिसतो, ते नुसत्या ‘प्रिंट’मधून कळत नाही.

स्क्रीनप्रिंटमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीतून, म्हणजे स्क्रीनमधून, शाई कागदावर उतरवतात; साधारणपणे दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते. शेजारचे दोन रंग कडेला केसभर एकमेकांवर चढवतात, नाहीतर मधून पांढरा कागद डोकावतो. जाळीचा नको तो भाग झाकणाऱ्या स्टेन्सिलला एक बारीक भोक राहिलं, तर शाई तिथून झिरपते आणि कोऱ्या गालावर तीळ उमटतो. बारीक रेषांनी भरलेल्या चित्रात असा ठिपका लपून जातो. इथे लपायला जागाच नाही. शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, म्हणजे स्क्वीजीचा, दाब मध्येच बदलला की सपाट पार्श्वभूमीवर पट्टे येतात.

ॲक्वाटिंटचं तंत्र निराळं. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरून खालून ऊब देतात. कण पत्र्याला चिकटतात आणि आम्ल त्यांच्या फटींतून पत्रा खातं; त्या खळग्यांत शाई भरून छापतात. जितका वेळ आम्लात, तितका गडद रंग. ऊब कमी पडली तर कण सुटतात; जास्त झाली तर राळ वितळून सलग थर होतो, आम्ल आत शिरत नाही आणि तिथे फिकट डाग राहतो.

जपानी पद्धतीच्या वुडकटचा नमुना म्हणजे कॅट्झ यांचं ‘द ग्रीन कॅप’ (१९८५). कॅलिफोर्नियाच्या क्राउन पॉइंट प्रेस या प्रिंट प्रकाशित करणाऱ्या संस्थेने ते क्योटोच्या कारागिरांकडून छापून घेतलं. इथे रंग पाण्यातला, जोडीला तांदळाची खळ. ओलसर कागद ठोकळ्यावर ठेवून पाठीमागून हाताने घासतात. कागद सुकला की आकसतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. पापणीची कड जराशी सरकली तरी नजर फिरल्यासारखी वाटते. म्हणून सगळे रंग होईपर्यंत कागदाची ओल सारखी राखतात आणि तो टेकवायच्या खाचा ठोकळ्यातच कोरतात. लिहिताना ‘ठसा’ जपून वापरा: मराठीत ठोकळाही ठसा आणि उमटलेली खूणही ठसाच. ‘ठोकळा’ आणि ‘छाप’ म्हटलं की भांडण मिटतं.

‘किमानवादी’ मात्र नको. मिनिमॅलिझम ही १९६०च्या दशकातली अमेरिकी चळवळ. शिल्पकार डोनाल्ड जड वगैरेंच्या त्या कामात चेहऱ्याला थारा नव्हता. कॅट्झ यांच्या मोठ्या, कडा कापलेल्या चेहऱ्यांमागे जाहिरातींचे फलक आणि सिनेमातले क्लोजअप आहेत. ‘वादी’ लावलं की त्यांना उगाच दुसऱ्याच पंगतीत बसवल्यासारखं होतं. ‘मोजक्या तपशिलाचं’ म्हणा.

जाता जाता, प्रिंटखाली पेन्सिलने १२/५० लिहिलेलं असतं, त्याला ‘पन्नास आवृत्त्यांपैकी बारावी’ म्हणू नका. आवृत्ती एकच, प्रती पन्नास, त्यातली ही बाराव्या क्रमांकाची. ती बाराव्यांदाच छापली गेली असेल असंही नाही. सही करताना गठ्ठा ज्या क्रमाने हाती येतो, तसे आकडे पडतात. ‘एपी’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेली प्रत कलाकाराची, या पन्नासांत न धरलेली.