सहल ठरली, पण सापाची भीती?

सहलीआधी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची एक काळजी ठरलेली असते: "मॅडम, मी तिथे घाबरले तर सगळ्यांचा विरस होईल." कुणाला विमानाची धास्ती, कुणाला रोपवेची. गोरेगावच्या वृषालीला (नाव बदललं आहे) सापाची होती. सासरच्यांबरोबर मोरोक्कोला जायचं होतं. मराकेशच्या जेमा एल-फना चौकात गारुडी नाग घेऊन बसतात, असा व्हिडिओ नणंदेने हसत हसत दाखवला आणि तिची झोपच उडाली.

"मी त्या चौकात जाऊच नये का?" तिने विचारलं.

टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. पण मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर गाठते. 'एकदा गळ्यात घेऊन टाक, भीती मोडेल' हा घरच्यांचा सल्लाही मला मुळीच पटत नाही. त्याने माणूस जास्तच हादरतो. पायरीपायरीने भीतीला सामोरं जाण्याची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात मांडली. आज आम्ही ती थोडी बदलून वापरतो: भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे, सोप्या पायरीपासून सुरुवात करायची आणि भीती ओसरू लागेपर्यंत तिथेच थांबायचं.

नागाच्या चित्राला वृषालीने वीस गुण दिले, आवाज बंद केलेल्या व्हिडिओला चाळीस. मग मी नुसता पुंगीचा आवाज लावला, चित्र नाही, काही नाही. ती म्हणाली, "सत्तर." दोन्ही पाय तिने खुर्चीवर ओढून घेतले होते. हळूहळू तिच्या लहानपणीची लालबागची चाळ निघाली. नागपंचमीला गारुडी गॅलरीत टोपली उघडायचा आणि आजी तिचं मनगट घट्ट धरून नागाला हळदकुंकू वाहायला लावायची.

त्यानंतर बरेच दिवस आमचं काम एकच होतं: पाय जमिनीवर ठेवून पुंगी ऐकायची. सुरुवातीला चपलेत तिची बोटं आवळलेली दिसायची. मी घाई केली नाही.

मधे तिला सापाविषयीही सांगितलं. त्याला बाहेरचे कान नसतात. तो डोलतो ते पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून, आणि फणा काढतो तो स्वतःच्या बचावासाठी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा खेळांवर बंदी आहे. मराकेशला ते चालतात, आणि तिथे काही सापांची तोंडं शिवलेली असतात. ती म्हणाली, "मग मला ते बघायचंच नाही. की ही पण भीतीच बोलतेय?"

प्रश्न फार मोलाचा होता. मी म्हटलं, "चौकात जा. गारुड्याचं वाद्य ऐकू आलं की थांबा, गुण द्या, ते उतरू द्या. मग बघायचं की नाही ते ठरवा. आधी नको."

परत आल्यावर ती भेटायला आली. ते वाद्य ऐकून आधी ऐंशी गुण झाले होते. संत्र्याच्या रसाच्या गाडीपाशी ती उभी राहिली, आकडा चाळिसावर आल्यावर गालिच्यावरचा नाग तिने लांबून नीट पाहिला. तेवढ्यात एक जण साप घेऊन नवऱ्याच्या गळ्यात घालायला आला. नणंद फोटोसाठी पैसे काढत होती.

"ताई, ठेवा ते पैसे," वृषाली म्हणाली, आणि सगळ्यांना घेऊन पुढे निघाली.