इमारतीत आग विझवणारे स्प्रिंकलर पहिल्यांदाच बसवताय? आधी हे बघा

घाबरू नका, नियम वाटतात तितके किचकट नाहीत. फक्त पाइप घेण्याआधी इमारतीचा धोका-वर्ग, म्हणजे तिथे आगीचा धोका किती, ते ठरवून घ्या. ऑफिस आणि गोदामाला एकच हिशेब चालत नाही. दोन हेडमधलं (पाणी फवारणाऱ्या तोंडांमधलं) अंतर, पाण्याचा दाब, टाकी, सगळं त्यावरच ठरतं. मग स्प्रिंकलरचा नकाशा मंजूर करून घ्या. 'काम उरकू, मंजुरी नंतर बघू' म्हणणाऱ्या ठेकेदाराला सरळ नारळ द्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- फॉल्स सीलिंग आधीच बंद करतात. दाबाची चाचणी आणि तपासणी झाल्याशिवाय एकही पाइप झाकू नका. एनएफपीए १३ या स्प्रिंकलरसाठीच्या अमेरिकी मानकात ही चाचणी सहसा २०० पीएसआय (दाबाचं एकक) दाबाला २ तास असते.
- रंगारी हेडवरूनही ब्रश फिरवतो. हेडमधली लाल काचनळी ६८ अंश सेल्सिअसला फुटायला हवी. रंगाच्या थराने ती उशिरा फुटते. असं हेड पुसून चालत नाही, बदलावंच लागतं.
- हेडखाली माल रचतात. निदान ४५ सेंटिमीटर मोकळे ठेवा.

हायड्रॉलिक गणिताच्या (पाण्याचा दाब-प्रवाह काढण्याच्या) नादी आत्ताच लागू नका, ते डिझायनरवर सोडा. मंजूर नकाशाची प्रत मात्र साइटवरच असू द्या, तपासणीला आलेला माणूस आधी तीच मागतो.