वाचकांचे प्रश्न : निवड देवाची असेल, तर प्रार्थना कशासाठी?

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. आमचे घराणे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले, तर पत्नीचे माहेर ठाण्याचे, कॅथलिक. आमच्याकडे बायबल-अभ्यासासाठी येणारे एक गृहस्थ सांगतात, की कोणाचे तारण (पापापासून सुटका) व्हायचे हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवले असून त्यात माणसाच्या इच्छेला वाव नाही. आधार म्हणून ते रोमकरांस पत्राचा नववा अध्याय दाखवतात. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे उपासनेला येत नाही आणि आई त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. ‘तो निवडलेल्यांत नसेल,’ असे ते म्हणाल्यापासून आईचे मन उडाले आहे. या शिकवणीला खरोखर आधार आहे काय?

उत्तर : शिकवणीला आधार आहे, त्या गृहस्थांनी तिच्यातून आपल्या भावाविषयी जे अनुमान काढले, त्याला मात्र नाही. याकोब आणि एसाव यांनी जन्मापूर्वी बरेवाईट काहीच केले नसताना देवाने याकोबाची निवड केली, असे त्या पत्राचा लेखक प्रेषित पौल नवव्या अध्यायात स्पष्टच म्हणतो. मात्र सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील विधानही त्याच शास्त्रात आहे, आणि या दोहोंचा मेळ कसा घालायचा यावर मंडळीत सोळाशे वर्षे खल चालू आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस याने माणूस स्वतःच्या इच्छाबळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे शिकवले, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने त्याला विरोध करून तारणाचा आरंभच देवाच्या कृपेने होतो असे प्रतिपादले. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. पुढे 529 मध्ये फ्रान्समधील ऑरेंजच्या सभेने कृपेचे अग्रस्थान मान्य केले, पण देव कोणाला दुष्कर्मासाठी नेमून ठेवतो ही कल्पना धिक्कारली. हा दुसरा भाग सांगायचा बहुधा राहून जातो.

सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विन या धर्मसुधारकाने निवडीचा सिद्धान्त अधिक कठोरपणे मांडला. हॉलंडमध्ये लायडन येथे शिकवणाऱ्या आर्मिनियसने त्यावर आक्षेप घेतले. 1609 मध्ये तो वारल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले आणि 1618-19 मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने ते फेटाळले. आर्मिनियसचा पक्ष माणसाच्या कर्तृत्वाची बाजू घेतो, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. माणसाच्या ठायी तारणदायी विश्वास आपसूक नसतो, तो देवाकडूनच यावा लागतो, हे त्या निवेदनातही आहे. वाद कृपा हवी की नको याचा नव्हता. कृपेबाबतचा वाद आलेली कृपा माणूस नाकारू शकतो काय, हा होता. आर्मिनियसचे अनुयायी म्हणाले, नाकारू शकतो. डॉर्टचे उत्तर असे, की देव ज्याला खऱ्या अर्थाने बोलावतो, त्याचे मनच पालटतो.

आपल्या सासरच्या, म्हणजे कॅथलिक, मंडळींचे उत्तर 1547 मध्ये त्यांच्या ट्रेंटच्या धर्मसभेने दिले : देव इच्छेला चालना देतो, तरीही ती नकार देऊ शकते. ही चालना नेमकी कशी काम करते, यावर नंतर डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन कॅथलिक धर्मसंघांच्या धर्मशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच तो थांबवला आणि परस्परांना पाखंडी ठरवू नये अशी उभयतांना ताकीद दिली. असा संयम धर्मवादात क्वचितच दिसतो.

आपल्या स्वतःच्या मंडळीचे म्हणाल, तर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा कॅल्विनचा वारसा सांगणारे प्रेस्बिटेरियन आणि अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक वेस्लीच्या परंपरेतले मेथडिस्ट एकाच छत्राखाली आले. खुद्द वेस्लीचा आपला सहकारी व्हाइटफील्ड याच्याशी याच प्रश्नावरून उघड मतभेद झाला होता. तरीही 1770 मध्ये व्हाइटफील्डच्या स्मरणार्थ लंडनमध्ये प्रवचन दिले ते वेस्लीनेच.

आता आपल्या मातोश्रींविषयी. नववा अध्याय दाखवणाऱ्याने दहावा अध्याय न उघडता ग्रंथ मिटणे मला मान्य नाही. दहाव्याचे पहिलेच वचन प्रार्थना आहे : ज्या बांधवांनी ख्रिस्ताला नाकारले, त्यांचे तारण व्हावे अशी पौल देवाजवळ विनवणी करतो. निवडीविषयी इतके कठीण लिहिणाऱ्याला ही विनवणी विसंगत वाटली नाही. निवडलेले कोण हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सर्वांचेच तारण व्हावे अशी इच्छा धरावी, असे ऑगस्टीननेही लिहिले. डॉर्टच्या सभेनेसुद्धा सुवार्ता भेद न करता सर्वांना सांगावी असेच ठरवले. तेव्हा एखाद्या जिवंत माणसाचे नाव यादीतून खोडण्याचा अधिकार त्या गृहस्थांना त्यांच्या स्वतःच्या परंपरेनेही दिलेला नाही, आणि हे आपण त्यांना आईंच्या समक्ष सांगावे.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, नौपाड्यात राहते. सटवाई कपाळावर लिहिते किंवा ज्याचे-त्याचे प्रारब्ध असते असे आम्ही म्हणतो, तेच ख्रिस्ती लोक वेगळ्या शब्दांत म्हणतात काय?

उत्तर : नाही. प्रारब्ध हे जिवाच्या स्वतःच्या पूर्वकर्मांचे फळ असते, म्हणजे त्यामागे एक हिशेब असतो. कॅल्विनच्या मते देवाची निवड माणसाच्या कोणत्याही कर्मावर, केलेल्या वा पुढे होणाऱ्या, अवलंबून नसते. ती केवळ देवाच्या मर्जीतून होते, आणि ती अन्यायाची आहे हा आक्षेप तिच्यावर येतो तो नेमका याच ठिकाणी. याउलट माणूस विश्वास ठेवील हे देवाने आधीच जाणले आणि म्हणून त्याला निवडले, असे आर्मिनियसचे अनुयायी मानतात. सटवाईच्या लेखाशी वरवरचे साम्य आहे खरे, पण तो लेख आयुष्यातल्या सुखदुःखांचा आणि आयुर्मर्यादेचा असतो. ख्रिस्ती वाद तारणापुरता आहे. लग्न, नोकरी, आजार या गोष्टी त्याच्या कक्षेत येत नाहीत. देव सृष्टीचा कारभार कसा चालवतो, हा त्या धर्मशास्त्रात स्वतंत्र विषय आहे.