जेल लावल्यावर मुलीला जवळ घ्यायचं की नाही?

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाईंनी नवऱ्याशेजारची खुर्ची ओढली, तसे ते वीतभर मागे सरकले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

"दोन महिने झाले, हे मुलीला उचलून घेत नाहीत," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांची आहे ती. 'बाबा, कडेवर' म्हणते आणि हे हात मागे घेतात."

"मॅडम, माझ्या अंगाला औषध असतं," ते पुटपुटले.

दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासून त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी असल्याचं नक्की झालं होतं. डॉक्टरांनी त्याचंच, त्वचेला चोळायचं जेल दिलं. मग त्यांच्या वाचनात आलं, की जेल लावलेल्या त्वचेला मुलं लागली तर हार्मोन त्यांच्या अंगात जातं. घाबरून त्यांनी डॉक्टरांकडून पॅच, म्हणजे त्याच औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी, मागून घेतला, तर त्याने पोटावर लाल, खाजरे चौकोन उठले. शेवटी पॅचही बंद केला आणि घरात उरलेलं जेल मनाला येईल तसं, एक दिवस लावायचं, दोन दिवस नाही, असं सुरू झालं. "जेल की पॅच, तुम्हीच सांगा."

ते सांगणं माझं काम नाही, डॉक्टरांचं. मी आधी दोघांना वेगळंच विचारलं: आणखी मूल हवंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं, कधीकधी थांबवतंच. जेल असो वा पॅच, त्यात फरक नाही. अपत्य हवं असेल तर निवड तिथेच थांबवून डॉक्टरांशी वेगळं बोलावं लागतं, आणि हे कितीतरी जोडप्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. यांना दुसरं नको होतं. बरं.

"आता जेल कसं लावता, ते करून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी हवेतच तळहातावर जेल घेतलं, खांद्याला चोळलं, दंडावरून कोपरापर्यंत आले आणि तसेच मनगटापर्यंत उतरले. "जास्त जागेत लावलं की जास्त मुरतं ना?" कधी लावता? रात्री, झोपताना. अंगात काय? बिनबाह्यांचा बनियन. हात? नॅपकिनला पुसतो. मुलगी कुठे झोपते? दोघांच्या मध्ये. हे सांगताना ते स्वतःच थबकले.

भीती खोटी नव्हती. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये या जेलवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याच कारणाने. अशा संपर्कातून लहान मुलांना अवेळी जांघेत केस येतात, जननेंद्रियं मोठी होतात, हाडं वयाच्या पुढे वाढतात. संपर्क थांबल्यावर बहुतेक लक्षणं ओसरतात, पण सगळी नेहमीच पूर्ण जातात असं नाही. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो. म्हणून मुलीला एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून या, असं मी तेव्हाच सांगितलं.

पण हा धोका टाळता येण्यासारखा आहे. जेल डॉक्टरांनी सांगितलेल्या जागीच, साधारणपणे खांदे आणि दंडावर लावायचं. मनगटापर्यंत कधीच नाही. हात साबणाने धुवायचे. जेल वाळू द्यायचं, वाळेपर्यंत आगीजवळ जायचं नाही, कारण त्यात अल्कोहोल असतं. मग बाह्यांचा शर्ट. कुणाला उघड्या अंगाने जवळ घ्यायचं असेल तर आधी ती जागा साबणाने धुवायची. मात्र औषध मुरायला वेळ द्यावा लागतो: काही जेलना दोन तास, काहींना पाच. ती वेळ आपल्या जेलच्या माहितीपत्रकात बघायची. औषध लागलेले कपडे, टॉवेलही मुलांपासून लांब.

पॅचची गोष्ट ऐकून मात्र मला हसू आवरलं नाही. कुणाला दिसू नये म्हणून ते तो रोज कमरेच्या पट्ट्याखालीच लावत होते, त्याच त्या जागी! पॅच रोज रात्री नव्या जागी लावायचा असतो, सात दिवस जुन्या जागेकडे वळायचं नाही, आणि दाब पडतो तिथे तर लावायचाच नाही. इतकं पाळूनही पुष्कळांना खाज येतेच. त्यावर पॅचखाली लावायचं स्टेरॉइडचं क्रीम डॉक्टर देऊ शकतात. पॅच झाकलेला राहतो, त्यामुळे दुसऱ्याला औषध लागण्याची भीती बरीच कमी. तान्हं मूल सतत अंगावर असलेल्या घरात मला तो जास्त सोयीचा वाटतो. पण ज्याला तो लपवायचाच आहे, त्याच्याकडून तो नीट लागत नाही.

दोन्ही वेळा त्यांची गडबड लपवण्यातूनच झाली होती. जेल रात्री का? तर दिवसा आईला दिसू नये. "आजारी नाही मी," ते म्हणाले. बाई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, मीच नको झालेय तुम्हाला." हे त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

तीन आठवड्यांनी परत आले. मुलीची तपासणी ठीक होती. डॉक्टरांशी बोलून त्यांनी जेलच ठेवलं, पण सकाळी आंघोळीनंतर, वर शर्ट. संध्याकाळी घरी आले की खांदे-दंड साबणाने धुतात आणि मग मुलगी कडेवर. पुढच्या रक्ततपासणीची तारीखही घेतली होती; टेस्टोस्टेरॉनच्या पातळीबरोबर रक्त फार घट्ट तर होत नाही ना, हे पाहावं लागतं.

"सगळं करतात हो," बाई म्हणाल्या, "पण रात्री अजून पलंगाच्या कडेलाच झोपतात."

त्यांनी मान खाली घातली. पुढची वेळ मी दोघांना एकत्रच दिली.